आकडा बसेपर्यंत

अणुशक्तीवर उडणाऱ्या रॉकेटचं इंधन अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, पंपांच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत, अकरा वर्षं तापत होतं असं मी सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याकडे नीट बघून घेतो. मग विचारतो, "खरंखुरं?" खरंखुरं कुठलं? कॉम्प्युटरवर. पण काझी सरांना हा फरक फारसा मान्य नव्हता. खोलीतून ते बाहेर आले आणि कोणी सहज म्हणून "काय चाललंय सर?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असे. "तापून राहिलं."

बदरुद्दीन काझी. मूळचे अकोल्याचे. बाळापूरकडे घरची काळी जमीन, ती दोघे भाऊ बघत. हे तिसरे. शेतात यांचा काही उपयोग नाही हे वडिलांनी लवकर ओळखलं आणि शिकायला घातलं, असं ते स्वतःच सांगत. आमच्या मेकॅनिकल विभागात ते उष्णतेचं वहन शिकवत. उंच, खांद्यात वाकलेले, आखूड पांढरी दाढी, आणि शर्टाच्या खिशात टोपण न लावता खोचलेलं पेन. त्यामुळे खिशाखाली निळा डाग कायमचा. भाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तो धुऊन काढणं कधीच सोडून दिलं होतं. मी त्यांच्या विभागात पदव्युत्तर वर्गाला गणिती पद्धती शिकवायला कंत्राटावर लागले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. नावाआधी डॉक्टर मात्र लागलेलं नव्हतं.

त्यांना प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायची खोड होती. चहाचा कप, स्कूटरची सीट, खिडकीचे गज, कोणाचा तापलेला स्टोव्ह. मे महिन्यात ते अख्खा वर्ग संध्याकाळी बाहेर काढत आणि पश्चिमेच्या भिंतीला तळवे टेकवून उभा करत. येणारे-जाणारे हसत. पोरं "सर, चटका बसते" म्हणून कुरकुरत.

"ऊन तं उतरलं. मंग हे कुठून आलं?" सर विचारत. "दुपारी खाल्लं ते आता ओकून राहिली भिंत. उष्नतेले घाई नसते, बाप्पा. घाई मानसाले असते."

परीक्षेत यावर प्रश्न येत नसे. पण त्यांच्या हाताखालून गेलेला एकही मुलगा ही भिंत विसरला असेल असं मला वाटत नाही.

त्यांचा विषय मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावला होता. या रॉकेटात जळण जळतच नाही. अणुइंधनाच्या लांब कांड्या असतात, त्यांना आरपार बारीक भोकं असतात. कांडी आतून भयानक तापते, भोकांमधून थंड हायड्रोजन सोडायचा, तो तापून मागच्या बाजूनं सुसाट बाहेर पडतो आणि रॉकेट पुढं जातं. मेख एकच. हायड्रोजन जितका तापेल तितकं बरं, पण कांडी एका मर्यादेपलीकडे तापली की तडकते, वितळते, आणि सगळं संपतं. तेव्हा कांडीच्या आत नेमकी कुठं किती उष्णता साचते हे आधी कळलं पाहिजे. खरी कांडी बघायला मिळणं या जन्मी शक्य नव्हतं. म्हणून सरांनी ती आकड्यांत बांधली होती. भोकांची मांडणी त्यांची, वरच्या लेपाची जाडी त्यांनी ठरवलेली. ही कांडी टिकते, हे दाखवायचं होतं.

या इंधनाची माहिती मिळावी म्हणून सरांनी एकदा परदेशातल्या प्रयोगशाळांना पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. आला तो साध्या कपड्यातला एक पोलीस. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे बसलेलो असताना त्यानं विचारलं, "काझी कोन? हे अनूचं काय लफडं हाय सर?"

सरांनी त्याला खोलीत नेलं, फळ्यासमोरच्या बाकावर बसवलं आणि खडू हातात घेतला. दुपार सरली. तो माणूस बाहेर आला तेव्हा घाम पुसत होता. मला म्हणाला, "मॅडम, पोट्ट्यायले बी असंच शिकवतेत का हे?" आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला. सर म्हणत, "पुऱ्या कॉलेजात हजेरी पक्की असलेला हा एकच विद्यार्थी."

गंमतच होती. पण तो येऊन गेला की त्या दिवशी सर डबा खात नसत. "घ्या ना, तुमच्या भाभीनं कबाब देल्ले," असं म्हणून आमच्याकडे सरकवत. त्यांचा पीएचडीचा गाईड दुसऱ्या कॉलेजात होता, शोधनिबंधांवर त्याचंही नाव असे, पत्रांवर सहीसुद्धा त्याची होती. त्याच्याकडे कधी कोणी चौकशीला गेलं नाही. हे सरांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. बोललं कोणी नाही.

ती वर्षंच वाईट होती. वर्गातला एखादा मुलगा अचानक दिसेनासा होई आणि आठ-दहा दिवसांनी डोकं भादरून परत येई. पेपरात आतल्या पानावर त्याच्या गावाचं नाव येऊन गेलेलं असे. आम्ही शिक्षकांनी न विचारण्याची सवय करून घेतली होती. हजेरी लावायची आणि पुढं जायचं.

काझी सरही विचारत नसत. पण तास संपला की त्याला थांबवून घेत. "कोन्त्या दिवसापासून नव्हता?" आणि मग जितके तास बुडाले तितके सगळे, पहिल्या ओळीपासून, रिकाम्या वर्गात, त्या एकट्यासमोर फळ्यावर शिकवत. आवाज तोच, मोठा. मधात थांबून "समजलं का सगळ्यायले?" असं विचारतही. एकदा मी म्हटलं, "सर, नोट्स द्या ना त्याला. कशाला इतका घसा कोरडा करता?"

"नोट्स तं कोनी बी देईन," ते म्हणाले. "त्याचं घर हाललं. वर्ग जागेवर हाय, एवढं तं दिसू द्या त्याले."

चांदूर रेल्वेकडचा एक मुलगा अशाच तासाला मधेच रडायला लागला. मी दारातून पाहिलं. सरांनी त्याच्याकडे पाठ केली आणि फळ्यावर कांडीचं चित्र काढायला घेतलं. एरवी दोन रेघांत होणारं चित्र, त्याला त्यांनी एकेक भोक काढत, एकेक भोक गिरवत इतका वेळ लावला की तेवढ्यात मुलाचं रडून झालं. मग वळून म्हणाले, "तं आता इथून उष्नता कुठी जाते?" मुलानं सांगितलं.

या सगळ्यात त्यांचं स्वतःचं काम चाले ते लाईनच्या मर्जीवर. लोडशेडिंगचं वेळापत्रक त्यांच्या खोलीत कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेलं असे, आणि कॅलेंडर टेबलाखाली पडलेलं. सकाळी काही तास गुल, दुपारी काही तास गुल, वरून अचानक जाई ती वेगळी. मधला जो सलग तुकडा मिळे त्यात त्यांचा रन बसवायचा.

हे गणित असं चालतं. कांडीवर बारीक जाळी कल्पायची. जाळीच्या प्रत्येक घराचं तापमान आधी अंदाजानं धरायचं, मग शेजारच्या घरांवरून ते सुधारायचं. सगळी जाळी सुधारून झाली की पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत आकडे कमी कमी हलतात आणि शेवटी जागेवर येतात. सर म्हणत, आकडा बसला. मशीन जुनं, जाळी मोठी, म्हणून बसायला तास लागत. मधे थांबवून, साठवून, लाईन आल्यावर तिथूनच पुढं चालवायची सोय त्यांनी केली होती. पण एकदा साठवतानाच लाईन गेली, फाईल अर्धी लिहिली गेली आणि पुढचे कित्येक महिने ते कचऱ्यावर कचरा रचत राहिले. तेव्हापासून त्या सोयीवरचा त्यांचा भरवसा उडाला. दर वेळी नव्यानं सुरू करायचं आणि लाईन जायच्या आत संपवायचं, हा नेम झाला.

शेवटच्या अर्ध्या तासात ते पडद्यासमोर खुर्ची ओढून बसत. सगळ्यात तापलेल्या घराचा आकडा तिथं दिसे, दशांशानंतर एकच स्थळ. तो हलेनासा झाला की सर एक कळ दाबत. "बसला." आणि थोड्याच वेळात लाईन जाई. मला त्याचं कौतुक वाटे. इतकं नेमकं जुळतं कसं, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांना पडला नाही, गणिती पद्धती शिकवणाऱ्या मला पडला नाही, आणि गाईडनं तर खोलीच कधी पाहिली नव्हती.

आकडा मर्यादेच्या खाली बसत होता. थोडासाच, पण खाली. कांडी टिकत होती. त्यावर परदेशी नियतकालिकानं निबंध छापला. प्रबंध गेला, बाहेरच्या परीक्षकांचे अभिप्राय चांगले आले, मौखिक परीक्षेची तारीख ठरली. कॉलेजला तर त्यांच्यापेक्षा जास्त घाई झाली होती. विभागात पीएचडी झालेला एकही पूर्णवेळ शिक्षक नव्हता आणि तो दाखवला नाही तर पदव्युत्तर वर्गाची मान्यता जाणार होती. वर्ग गेला की माझं कंत्राटही जाणार होतं. माझ्या नवऱ्याची जिनिंग फॅक्टरी बंद पडून वर्ष झालं होतं. घर माझ्या पगारावर चालत होतं. तेव्हा काझी सर डॉक्टर व्हावेत म्हणून अमरावतीत सगळ्यात जास्त नवस कोणी बोलले असतील तर मी.

त्याच उन्हाळ्यात दिल्लीहून मोठे पाहुणे आले. शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेल्या घरांतल्या माणसांना भेटायला. आमच्या कॉलेजचा हॉल मोठा, म्हणून कार्यक्रम आमच्याकडे. सकाळपासून गाड्या भरभरून माणसं आणून बसवली. बायाच जास्त. काहींच्या मांडीवर लेकरं. पाहुणे दुपारनंतर येणार होते, पण बसवलं सकाळीच. शिक्षकांना पाणी वाटायचं काम लावलं. सरांनी सकाळी रन सुरू केला होता, तासा-दोन तासांत सुटून परत येऊ अशा हिशेबानं. सुटका झाली नाही. सबंध दिवस ते रांगांमधून ग्लास फिरवत राहिले.

वरूडकडची एक म्हातारी त्यांना दर फेरीला विचारी, "कवा येतेत जी ते?"

"येतच हायेत, माय."

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. सर पुन्हा तेच उत्तर देत, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. पाहुणे आले, थोडं बोलले, फोटो झाले, गाड्यांचा ताफा धूळ उडवत गेला. म्हातारीला ते कोणते होते हेही कळलं नाही. ती सरांना म्हणाली, "तुमीच होते का?"

सरांनी मान हलवली आणि तिला गाडीपर्यंत पोचवून आले. परत खोलीकडे येताना ते एकच वाक्य बोलले, "आज लाईन गेली नाही, मॅडम."

खरंच. पाहुण्यांसाठी आज आमच्या भागाची लाईन एकदाही कापली नव्हती. माझी पर्स त्यांच्या खोलीत होती म्हणून मी सोबत होते. पडद्यावर रन चालूच होता. थांबवायला कोणी नव्हतं ना. आणि आकडा नेहमीच्या जागी नव्हता. तो मर्यादा ओलांडून वर गेला होता. मी टक लावून पाहिलं. शेवटचं स्थळ बराच वेळ हललं नाही. मग एकानं वाढलं.

सर खुर्चीत बसले. मी म्हटलं, "सर, बंद करू?"

"चालू द्या."

पुढच्या दिवसांत त्यांनी जमेल तेवढे लांब रन घेतले. सुट्टीचे दिवस, निवडणुकीच्या सभेचा दिवस, जिथं लाईन टिकेल तिथं. जितका वेळ लाईन राही तितका आकडा चढे. कुठं जाऊन थांबेल याचा पत्ता नव्हता. आणि मौखिक परीक्षा दारात आली.

त्यांनी ते गाईडलाही आधी सांगितलं नाही, प्रिन्सिपॉललाही नाही. सायकल स्टँडपाशी गाठून मला सांगितलं.

"मॅडम, मी प्रबंध वापस घेऊन राहिलो. तुमची नोकरी जाईन. म्हनून पहिले तुमाले सांगून राहिलो."

मी भडकले. खोटं कशाला सांगू? भर उन्हात, पोरं बघत असताना मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, परीक्षा होऊ द्या, मग दुरुस्ती छापा, जगात सगळेच असं करतात. त्यात चूक काय आहे?

"आकडा बसला नव्हता," ते म्हणाले. "लाईन जाते म्हनून मी थांबत होतो, अन् आकडा बसला म्हनून लिवत होतो. अकरा साल."

"पण नंतर सांगा ना!"

"डॉक्टर झाल्यावर मी सांगनार नाई, बेटा. मी मले वयखतो. तवा मले बी ते आयकू येनार नाई."

मी स्कूटीला किक मारून निघून आले.

गाईड म्हणाला, "काझी, परीक्षकांनी पाहिलं नाही, तर तू कशाला पाहतोस?" प्रिन्सिपॉल वऱ्हाडीतच बोलले, "कोन्तं रॉकेट उडून राहिलं हो आपल्या अमरावतीतून?" सरांनी मुदतवाढ मागितली. ती आधीच दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळाली नाही. त्यांनी दोन ओळींचा अर्ज लिहिला आणि नोंदणी रद्द झाली. नियतकालिकालाही कळवलं. तिथून पोच आली आणि छापलं काहीच नाही.

पुढं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मान्यता गेली, वर्ग बंद झाला, माझं आणि आणखी दोघांचं कंत्राट संपलं. सरांचं मशीन उचलून हिशेबाच्या खोलीत ठेवलं, पगाराची बिलं काढायला. त्यांना साखरेचा आजार जुना होता. त्याच पावसाळ्यात डोळ्यांत उतरला. पडद्यावरचं दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि अकोल्याला गेले. निरोप समारंभाला मी गेले नाही. मला बोलावलंही नव्हतं.

मला पुढं अकोल्यातच एका तंत्रनिकेतनात तासिकेवर काम मिळालं. रोज बडनेऱ्याहून पॅसेंजर धरायची, मूर्तिजापूर येईपर्यंत उभं राहायचं. रोज त्या गर्दीत सरांची आठवण येई आणि रोज मी चिडत असे. ज्या गावाला ते राहत होते त्याच गावाला मी रोज उतरत होते, पण त्यांच्या घरी जावंसं काही वर्षं वाटलं नाही. चिडायचा मला हक्क होता असं मला आजही वाटतं.

शेवटी भाभीच तंत्रनिकेतनाच्या फाटकाशी आल्या. बुरख्याची जाळी वर करून म्हणाल्या, "मॅडम, एक बार आव ना घर. याद करते तुमको. बोलते नहीं, पन करते."

मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. सर पलंगावर होते. उजव्या पायाचा पंजा काढलेला. डोळे उघडे, पण माझ्याकडे वळले ते आवाजावरून.

"कोन?"

"इंगोले मॅडम, सर."

"नोकरी लागली का?" हा पहिला प्रश्न.

"तासिकेवर."

"हं." खाली गल्लीत कोणीतरी हातगाडीवरून संत्री विकत होता. मग म्हणाले, "प्रोग्राम हाय का जवय?"

होता. मी कॉलेज सोडताना सीडीवर घेतलेला होता. का घेतला, विचारू नका. पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेले. जो रन त्या मशीनवर दिवसचे दिवस घेत होता, तो आता जेवणाच्या वेळेत होण्यासारखा होता. सरांना उशीला टेकवून बसवलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी आकडा मोठ्यानं वाचत राहिले. मिनिटा-दोन मिनिटांनी वाचायचं. भाभी दारात उभ्या होत्या.

प्रबंधातला आकडा मागं पडला. मर्यादा मागं पडली. पाहुण्यांच्या दिवसाचा आकडा मागं पडला, आम्ही पाहिलेला सगळ्यात मोठा आकडाही मागं पडला. मग वेग कमी झाला. मी म्हणाले, "सर, बसला बहुतेक."

"थांबा."

मी थांबले. आणि शेवटचं स्थळ एकानं कमी झालं. मला वाटलं माझीच नजर चुकली. पुन्हा एकानं. आकडा उतरायला लागला. भाभींनी चहा आणला, तो निवला, त्यावर साय आली. आकडा उतरत उतरत मर्यादेच्या खाली आला आणि तिथं थांबला. मी दशांशाची सगळी स्थळं उघडून पाहिली. एकही हलत नव्हतं. प्रबंधात जो आकडा होता, जवळजवळ तोच.

मी तो वाचला. सरांनी डोळे मिटले.

"हायड्रोजन मांगून येऊन राहिला होता," ते हळू म्हणाले. "इंधन पुढं पयालं. मंग त्यानं गाठलं त्याले."

म्हणजे जाळीत कांडीचे आकडे आधी चढले, तिला निववणाऱ्या हायड्रोजनचे मागून पोचले. माझा मात्र तोल गेला. म्हणजे कांडी टिकत होती! म्हणजे सगळं बरोबर होतं! मी आजारी माणसासमोर रडून ओरडून विचारलं, "मग कशासाठी केलंत हे? तुम्ही डॉक्टर झाले असते सर! मी तिथंच असते! काय मिळालं?" भाभी पुढं आल्या, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही रडू फुटलं होतं.

सर मला बोलू देत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "उत्तर बरोबर होतं, बेटा. पन मले ते मालूम नोतं. मालूम नसताना मालूम हाय म्हनून मी लिवलं होतं."

मी लॅपटॉप मिटायला घेतला. गाडीची वेळ होत आली होती, आणि खरं तर मला तिथं आणखी बसवत नव्हतं.

"एक डाव अजून," ते म्हणाले. "सुरुवातीचा अंदाज बदला. लय गरम धरा. वरून खाली येऊ द्या. तवा बी अठीच येते का, पाहू."

हे बरोबरच होतं. मी मुलांना दर वर्षी हेच शिकवते. दोन टोकांनी निघून आकडा एकाच जागी आला तर तो खरा. तरी त्या क्षणी मला त्यांचा राग आला. मी अंदाज बदलला, रन सुरू केला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळानं त्यांचा श्वास जड झाला. भाभी कुजबुजल्या, "सो गए." आकडा वरून उतरत होता. बडनेऱ्याची पॅसेंजर निघून गेली असणार. मी आकड्याकडे बघत राहिले, आणि तो बसला.

"सर," मी म्हणाले. उठवायचं माझ्या मनात नव्हतं.

"किती?" झोप लागलेली नव्हतीच.

मी वाचला.

"शेवटपर्यंत वाचा."

मी दशांशाची सगळी स्थळं वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचली. दोन्ही रन तंतोतंत एकाच जागी आले होते.

"आता मालूम हाय," ते म्हणाले.

त्या तीन शब्दांसाठी त्यांचं डॉक्टर होणं गेलं, माझी नोकरी गेली, आणखी दोघांची गेली. किंमत जास्त होती असं मला तेव्हा वाटलं. आजही माझं मत बदललेलं नाही. त्याच महिन्यात ते वारले आणि मला ते आठ दिवसांनी कळलं. पण त्या दिवशी निघताना मी दारातून वळून पाहिलं होतं. भाभी दिवा लावत होत्या. सरांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, डोळे मिटलेले होते, आणि ओठ अजून तो आकडा म्हणत होते, एकेक स्थळ, शेवटपर्यंत.